मायेच्या बाता पुरे, वही दाखवा!

रात्रीचे साडेआठ. दिवसपाळीची मावशी आठच्या ठोक्याला निघून गेली आहे. तिला दोन बस बदलून घरी पोचायचे आहे. रात्रपाळीची अजून आलेली नाही. पलंगावर अर्धांगवायूने खिळलेले ऐंशी वर्षांचे आजोबा. उशाशी त्यांची पत्नी, वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आजी मावश्या पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन लावतात. पहिल्यांदा उत्तर मिळते, ‘मावशी वाटेत आहे.’ अर्ध्या तासाने उत्तर मिळते, ‘आत्ता पोचेल बघा.’ त्यानंतर फोन बंद. साडेनऊला डायपर भरतो. दहाला आजी एकट्याने नवऱ्याला कुशीवर वळवू पाहतात आणि कंबर धरून जमिनीवर बसतात. मुलगा न्यू जर्सीत, तिथे भर दुपार. तो तिथून ब्यूरोला फोन करतो, शेजाऱ्यांना करतो, पुन्हा ब्यूरोला करतो. साडेअकराला दारात एक अनोळखी बाई उभी राहते. पेशंटचे नाव तिला सांगितलेले नाही. आजार सांगितलेला नाही. तोंडाने भरवायचे की नाकातल्या नळीने, तेही सांगितलेले नाही. ती घाबरत विचारते, ‘आजी, काय झालंय यांना?’ या बाईचा तिळमात्र दोष नाही. मागचे बारा तास ती दुसऱ्या घरी पेशंट उचलत होती आणि ब्यूरोच्या माणसाने तिला मोबाइलवर फक्त पत्ता पाठवला आहे.

ही एका घराची हकीकत म्हणून आम्ही छापत नाही. कोथरूड असो, मुलुंड असो, डोंबिवली असो, ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्या घराला ही रात्र, नाहीतर हिच्यासारखीच दुसरी एखादी रात्र, ओळखीची वाटेल. आणि त्याच ब्यूरोच्या पाटीवर त्या घराने वाचलेले असते: ‘घरच्यासारखी काळजी. विश्वासाचे दुसरे नाव.’

हा विश्वास शब्द आम्ही आज त्या पाटीवरून उतरवून घ्यायला निघालो आहोत. ज्याच्याकडे दिवस आणि रात्र यांच्यामधली अर्ध्या तासाची फट बुजवण्याची व्यवस्था नाही, त्याला तो शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही. असहाय माणसाच्या उशाशी कोण बसणार, हे ज्याला रात्री अकरापर्यंत ठाऊक नसते, तो सेवा विकत नाही. तो लोकांची अगतिकता विकतो. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण आपल्या भाषेत उगाच आलेली नाही. इथे तर माणूस अजून जिवंत आहे, आणि लोणी खायला आधीच सुरुवात झाली आहे.

गरज खोटी नाही, हे आधी मान्य करू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती; एकट्या महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक होती. ती मोजणी जुनी झाली, म्हातारपण तर रोज वाढते आहे. वाड्यांच्या जागी दोन खोल्यांचे फ्लॅट आले. सून नोकरी करते, आणि करावीच. मुलगी बंगळुरूत, मुलगा परदेशात. रुग्णालय पेशंटला चार दिवसांत घरी पाठवते, आणि ज्या नळ्या, पिशव्या, जखमा काल परिचारिकांच्या हाती होत्या त्या आज हॉलमधल्या दिवाणावर येऊन पडतात. अशा वेळी बाहेरून माणूस बोलावणे ही आईबापांची हेळसांड नाही. म्हणूनच हा धंदा नीट चालला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. जो धंदा लोकांच्या चैनीसाठी चालतो त्याने ढिसाळपणा केला तर गिऱ्हाईक उठून जाते. इथे गिऱ्हाईक उठूही शकत नाही.

आता ब्यूरो म्हणजे काय ते पाहा. एक टेबल, दोन मोबाइल, भिंतीवर पांढऱ्या पोशाखातल्या हसऱ्या मुलीचे चित्र आणि एक फाटकी डायरी, तिच्यात नावे आणि नंबर. साड्यांचे दुकान ज्या कायद्याखाली उघडते त्याच कायद्याखाली हेही उघडते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीसुद्धा लागत नाही, नुसते कळवले की पुरते. आणि ब्यूरोवाला कामगार मोजतो ते टेबलामागचे दोघे! घरोघरी पाठवलेल्या पन्नास बायका त्याच्या हिशेबात कामगार नाहीत. जाहिरातीत त्या ‘आमच्या प्रशिक्षित सिस्टर’ असतात. आजी पलंगावरून पडल्या, दागिना हरवला, औषध दुप्पट गेले, की त्याच क्षणी त्या परक्या होतात आणि ब्यूरोवाला हात वर करतो: ‘आम्ही फक्त माणूस मिळवून देतो, जबाबदारी तुमची तुम्ही बघा.’ सकाळी आमची, संध्याकाळी तुमची! ही लबाडी आहे, आणि ती रोज उजळ माथ्याने चालते.

याहून मोठी लबाडी ‘सिस्टर’ या शब्दात आहे. नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. तो पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत जिचे नाव नोंदले जाते तिला नोंदणी क्रमांक असतो. इंजेक्शन, शिरेतली सुई, लघवीची नळी बदलणे, नाकातली नळी घालणे ही तिची कामे. अंग पुसणे, भरवणे, वळवणे, चालवणे, डायपर बदलणे ही मदतनिसाची कामे. तीही शिकूनच येतात आणि त्यांची प्रतिष्ठा कणभरही कमी नाही. पण गेल्या आठवड्यापर्यंत भांडी घासणाऱ्या बाईच्या अंगात पांढरा एप्रन चढवून तिला सिस्टर म्हणून दारात उभी करणे आणि घराकडून नर्सचे पैसे घेणे, याला आम्ही चोरी म्हणतो. पैशाची चोरी तर आहेच, पण त्या खोट्या एप्रनवर विसंबून घरातली माणसे तिला इन्सुलिन टोचायला सांगतात. ती नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर ड्यूटी सुटते. आजोबा त्या दिवशी जेवत नाहीत. साखर सत्तरच्या खाली घसरते, घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते, आणि ‘आज फार झोपतायत’ असे म्हणत घर निवांत राहते. अशा वेळी त्या बाईला बोल लावणारे आम्हाला पटत नाहीत. तिला तो एप्रन घालणारा हात कोणाचा होता, हे विचारा.

शुश्रूषा शिकावी लागते, ती बाईच्या जातीला उपजत येत नाही, हे पुण्याला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली इथे सेवासदन उभे केले आणि ज्या काळी चांगल्या घरची मुलगी रुग्णालयात पाय ठेवत नसे त्या काळी विधवा, परित्यक्ता मुलींना परिचर्येच्या रीतसर शिक्षणाकडे वळवले. लोकनिंदा सोसली. त्याच शहरात आज शुश्रूषेचे प्रशिक्षण म्हणजे ‘दोन दिवस जुन्या मावशीबरोबर जा आणि बघ’ इतके उरले असेल, तर आम्ही शंभर वर्षे पुढे आलो की मागे गेलो?

ब्यूरोवाल्यांचे ठरलेले उत्तर आम्हाला माहीत आहे. ‘साहेब, हा मायेचा धंदा आहे, कागदांनी होत नाही.’ याच वाक्यावर आमचा सर्वांत मोठा राग आहे. माया बाई स्वतःबरोबर आणते, ती ब्यूरोच्या गोदामातून येत नाही. ब्यूरोने आणायचे ते दुसरेच. पुराव्यासाठी एक लाल-निळ्या रेघांची दोनशे पानी वही पुरेल, पलंगाशेजारी दोरीने बांधलेली. त्या वहीत काय असावे ते आम्ही सविस्तर सांगतो, कारण या धंद्यातला खरा विश्वास त्या पानांवर राहतो.

पहिल्या पानावर पेशंट. वय, वजन, आजार, कोणत्या औषधाची बाधा होते, ऐकायला कुठल्या कानाने येते, लघवीला लागल्याची खूण काय, डॉक्टरांचा नंबर, रात्री दोनला फोन करायचा तो नातेवाईक कोण. हे पान भरायला ब्यूरोची शिकलेली नर्स ड्यूटी सुरू होण्याआधी घरी आली पाहिजे. पेशंट न पाहता फोनवर ‘पाठवतो एक बाई’ म्हणणारा ब्यूरो त्याच क्षणी नापास झाला. पलंगाची उंची काय, संडासात धरायला दांडी आहे का, ऐंशी किलोचा माणूस पंचेचाळीस किलोची बाई एकटी उचलणार कशी, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या पानांवर दिवस. कितीला वळवले, कुठल्या कुशीवर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, हे रुग्णालयातली पहिल्या वर्षाची मुलगी जाणते. माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडावर लाली येते. बोटाने दाबून सोडली तरी ती फिकी पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली. त्या दिवशी धावपळ केली तर ती लाली परत फिरते. पंधरा दिवसांनी पाहिले तर मुठीएवढा खड्डा असतो आणि आत हाड दिसते. मधल्या पंधरा दिवसांत सहा मावश्या बदललेल्या असतात आणि प्रत्येक जण शपथेवर सांगते की माझ्या वेळी नव्हते. वही असती तर तारीख असती, वेळ असती, पाळी कोणाची ते असते. आणि मुख्य म्हणजे, लिहायचे आहे म्हणून पाठ पाहिली गेली असती.

नळीतून भरवले तर किती मिली, कितीला, आणि त्या वेळी उशाकडची बाजू तीस-चाळीस अंश उचललेली होती का. आडव्या माणसाच्या नळीत घाईघाईने दूध ओतले की ते उलटून फुप्फुसात जाते, चार दिवसांनी न्यूमोनिया होतो आणि घर म्हणते, वयच झाले होते. वयाच्या नावावर किती ढिसाळपणा खपवला जातो याचा हिशेब कोणीच करत नाही! लघवी किती झाली, रंग कसा, पिशवी कमरेच्या खाली टांगली होती ना. सकाळची गोळी कोणी दिली, त्यापुढे सही. झोपेची गोळी तर मोजून ठेवलेली असावी, रोज मोजावी आणि उरलेल्यांचा आकडा लिहावा. कारण रात्री स्वतःला झोप मिळावी म्हणून पेशंटला एक गोळी जास्त देण्याचा मोह चोवीस तास जागवलेल्या माणसाला होऊ शकतो, आणि त्याला तसे जागवणारा ब्यूरो त्या गोळीचा भागीदार असतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातातला दिवा आठवतो. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे कारणांनुसार लावले, १८५८ साली त्यांच्या आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवल्या, आणि लढाईपेक्षा घाणीने जास्त माणसे मारली हे त्यांना मान्य करायला लावले. शुश्रूषेची आई म्हणून जिची पूजा होते ती बाई आयुष्यभर नोंदी मागत राहिली. आमचे ब्यूरोवाले तिचे चित्र भिंतीवर लावतात. टेबलावर रजिस्टर मात्र नसते.

वही एकटी पुरत नाही, हेही खरे. ती वाचणारा माणूस लागतो. आठवड्यातून एकदा न सांगता दार वाजवणारी पर्यवेक्षक नर्स लागते. तिने चादर उचलून टाचा पाहाव्यात, डब्यातल्या गोळ्या वहीशी ताडाव्यात, आणि मावशीला बाजूला घेऊन विचारावे की तुला या घरात जेवायला मिळते का, कोणी अंगचटीला येते का. मावशी आजारी पडणार, तिच्या घरी लग्न निघणार, ती गावी जाणारच. ब्यूरोला ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द फार आवडतो, पण बदली माणूस म्हणजे नुसते दुसरे माणूस नव्हे. जुनीने नवीला पेशंटसमोर उभे राहून एक तास समजावून दिले, दोघींनी वहीत सह्या केल्या, तर ती बदली. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला दर चार दिवसांनी नवा चेहरा दाखवणे हा छळ आहे. त्या नव्या बाईला चोर समजतात, ओरडतात, मारायला धावतात, आणि घर म्हणते की आजीचा आजार वाढला.

आणि सर्वांत अवघड परीक्षा वाईट बातमीची. आजी न्हाणीघरात घसरल्या. अशा वेळी ब्यूरोचा फोन घरच्या फोनच्या आधी आला पाहिजे: काय झाले, कितीला झाले, कोण होते, आम्ही काय केले, आमचे काय चुकले. जो ब्यूरो चूक स्वतःहून सांगतो त्याच्याकडे आम्ही आमची आई सोपवू. जो मावशीला दम देतो की ‘सांगू नकोस, आधीपासून सुजलं होतं म्हण’, त्याचा दरवाजा बंद व्हायला हवा. मोडलेले खुब्याचे हाड दोन दिवस लपवले जाते तेव्हा त्या दोन दिवसांतल्या प्रत्येक कण्हण्याचे पाप त्या दम देणाऱ्याच्या माथी आहे.

आता पैशाकडे येऊ. घराकडून रोजचे किती घेतले आणि मावशीच्या हातावर किती ठेवले, हे दोन आकडे एका कागदावर लिहून देणारा ब्यूरो आम्हाला दाखवा! घराला वाटते सगळे तिला मिळतात. तिला वाटते घर इतकेच देते. मधला आकडा अंधारात राहतो. ब्यूरोने आपला वाटा घ्यावा, उजेडात घ्यावा. प्रशिक्षणासाठी, पर्यवेक्षक नर्ससाठी, रजेवरच्या बदलीसाठी, विम्यासाठी तो लागतोच. पण हे काहीच न देता केवळ नंबर देण्याचे भाडे महिनोन्महिने कापत राहणे ही दलाली आहे. त्यावर कडी म्हणजे पहिल्या महिन्याचा पगार ‘डिपॉझिट’ म्हणून दाबून ठेवणे, आधार कार्डाची मूळ प्रत काढून घेणे, आणि बीड-हिंगोलीहून, वाशीम-गडचिरोलीहून आलेल्या बायकांना एका खोलीत दहा-बारा जणी कोंबून त्या खोलीचेही भाडे त्यांच्याच पगारातून वळते करणे. पेशंट गेला की त्याच रात्री ड्यूटी संपते. ज्या माणसाला तिने आठ महिने भरवले, ज्याने शेवटी तिचाच हात धरून प्राण सोडला, त्याच्यासाठी एक दिवस रडायचीसुद्धा तिला सवड नाही. तिला दुसऱ्या पत्त्यावर जायचे असते.

चोवीस तासांची ड्यूटी! हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यातला अमानुषपणा दिसेनासा झाला आहे. चोवीस तास काम कोणते जनावर करते? रात्रीतून पाच वेळा उठणारी बाई पहाटे सहाला इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा नीट वाचेल, ही अपेक्षा कोणत्या शहाणपणात बसते? चोवीस तास माणूस हवे असेल तर दोन माणसे हवीत. नाहीतर झोपेचे सलग तास, दुपारची सुट्टी, आठवड्याची रजा हे लेखी ठरलेले हवे. ब्यूरोवर जिचा विश्वास नाही, महिनाअखेर पगार पुरा मिळेल की नाही याची जिला खात्री नाही, तिच्या जोरावर हा ब्यूरो आमच्या घराला विश्वास विकतो आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे आम्हाला आमच्याच वाचकांना दोन शब्द ऐकवणे भाग आहे, आणि ते गोड नाहीत. ब्यूरोला कामाच्या माणसाचा दर विचारून झाल्यावर आपण ‘त्यापेक्षा स्वस्त?’ असे विचारतो. जो ब्यूरो शिकलेली नर्स आधी घरी पाठवतो, पोलीस पडताळणीचा दाखला हातात देतो, रजेच्या दिवशीची बदली सांभाळतो, तो थोडे जास्त मागतो, आणि आपण त्याला सोडून गल्लीतल्या नंबरवाल्याकडे जातो. असे प्रामाणिक ब्यूरो या महाराष्ट्रात आहेत. निवृत्त मेट्रन बाईंनी स्वतःच्या पुंजीतून उभे केलेले, रात्री बाराला स्वतः पेशंटकडे जाणारे. त्यांना आपली घासाघीस मारते आहे. मावशी पेशंटसाठी आणायची आणि तिच्याकडून पोळ्या लाटून घ्यायच्या, पाहुण्यांची भांडी घासून घ्यायची. मग पाठीला जखम झाली की तिला दोष. हॉलमध्ये कॅमेरा लावायचा आणि अमेरिकेतून तिच्यावर नजर ठेवायची, पण तिला सांगायचे नाही की कॅमेरा आहे. पेशंटच्या खोलीत लक्ष ठेवायचे असेल तर उघड ठेवा, तिला दाखवून ठेवा, आणि ती कपडे बदलते, झोपते ती जागा त्यातून वगळा. ती माणूस आहे.

आणि फोनवर दबक्या आवाजात विचारला जाणारा तो प्रश्न: ‘बाई कुठल्या समाजाची आहे?’ ब्यूरोवाले हा प्रश्न ऐकून त्याप्रमाणे माणूस निवडून देतात. धिक्कार असो विचारणाऱ्याचा आणि पुरवणाऱ्याचाही! १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा केली, मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत १० मार्चला प्राण सोडला. त्यांच्या नावाचे विद्यापीठ असलेल्या गावात, ज्याचे मलमूत्र काढायला स्वतःच्या पोटची पोरे धजावत नाहीत त्याच्यासाठी येणाऱ्या हातांची जात विचारली जाते. ज्याला ती विचारायची असेल त्याने आपल्या बापाचे स्वतः करावे.

शेवटी सरकार. सोसायटीच्या फाटकावर जो पहारेकरी बसतो त्याच्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो; नेमणुकीआधी त्याच्या चारित्र्याची पडताळणी लागते; आदर्श नियमांत त्याला १६० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. महाराष्ट्राने तर माथाडींसाठी १९६९ साली आणि खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ साली कायदे करून मंडळे उभी केली, मालक आणि मजूर यांच्यामधल्या दलालाला आवर घातला. त्या कायद्यांचा आम्हाला अभिमान आहे. मग फाटकावरच्या माणसाला लागतो तो परवाना फाटक ओलांडून, जिना चढून, कड्या काढून, थेट असहाय म्हाताऱ्याच्या उशाशी माणूस बसवणाऱ्याला का लागत नाही? मोटारी राखायला कायदा आहे, आई राखायला नाही!

२००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्याकडे बोट दाखवले जाईल. तो कामगाराच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा आहे. ब्यूरोची मानगूट तो धरत नाही. छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींना वेसण घालणारे कायदे केले. ज्यांना आम्ही मागास म्हणतो त्या राज्यांनी. केंद्राने २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आणले. घरी जाऊन ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानके त्यात होती. ते समितीकडे गेले, आणि सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्या लोकसभेबरोबरच संपले. त्या साडेचार वर्षांत कोविड येऊन गेला, घरोघरी प्राणवायूचे सिलिंडर आणि भाड्याचे पलंग आले, ब्यूरो पावसाळी छत्र्यांसारखे उगवले. विधेयक पडून राहिले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले की घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याबाबत समिती नेमून विचार करा. न्यायालयाने कान धरल्याशिवाय म्हाताऱ्यांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांची आठवण होत नसेल, तर निवडणुकीच्या तोंडावर ज्येष्ठ नागरिक संघांत शाली वाटत फिरणाऱ्या आमदारांनी त्या शाली घेऊन परत जावे.

आमची मागणी लांबलचक नाही. नागपूरच्या येत्या अधिवेशनात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या प्रत्येक ब्यूरोला परवाना सक्तीचा करणारे विधेयक मांडा. पाठवलेली प्रत्येक मावशी, प्रत्येक ब्रदर ब्यूरोचाच कामगार, हे त्यात निःसंदिग्ध लिहा, म्हणजे हात वर करायची सोय संपेल. नर्स कोण आणि मदतनीस कोण हे ओळखपत्रावर मोठ्या अक्षरांत छापा. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी रद्द करा. पलंगाशेजारची वही सक्तीची करा आणि ती कोणत्याही वेळी तपासायचा अधिकार जिल्हा रुग्णालयाच्या परिचारिकांना द्या. निवृत्त परिचारिका या राज्यात हजारोंनी आहेत, त्या हे काम आनंदाने करतील.

तोवर वाचकहो, कायद्याची वाट पाहू नका. आज रात्री आठला पाळी बदलेल तेव्हा दोन्ही मावश्यांना पाच मिनिटे पलंगाशेजारी उभे करा. जाणारीने येणारीला आजोबांची पाठ दाखवू दे. मग उद्या सकाळी ब्यूरोला फोन करा आणि विचारा: आमच्या मावशीच्या हातात रोजचे किती पडतात, तिचा पडताळणीचा दाखला कुठे आहे, ती न आल्यास आठ वाजून पाच मिनिटांनी कोण येणार त्याचे नाव काय, आणि तुमची नर्स आमच्या घरी शेवटची कधी आली होती. या चार प्रश्नांना चार सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर या महिन्याचे ब्यूरोचे कमिशन रोखून धरा. मावशीचा पगार मात्र तिच्या हातात, मोजून, वहीत लिहून, तिची सही घेऊन द्या.